माझ्या कोयत्याला लावलेलं विशेषण

कागद इंग्रजीत होता, चार ओळींचा. वॉर्डन मॅडमनी तो ऑफिसात टाईप करून आणला होता आणि मला फक्त खाली सही करायची होती. पहिली ओळ मी दोनदा वाचली. मी वसतिगृहाच्या खोलीत लीथल वेपन आणून ठेवलं होतं, हे मी कबूल करते, असा तिचा अर्थ होता. वेपन म्हणजे शस्त्र, हे मला माहीत होतं. लीथल हा शब्द कुठंतरी पाहिला होता, पण कुठं ते आठवेना.

"मॅडम, लीथल म्हणजे?"

"इंग्रजी घेतलंयस ना तू बी.ए.ला?" मॅडम म्हणाल्या. "जीवघेणं. प्राणघातक. कर सही."

हातात घेतलेलं पेन मी टेबलावर ठेवलं. "मला थोडा वेळ द्या," एवढंच बोलले. हे एवढं बोलणंसुद्धा माझ्यासाठी मोठं होतं. वर्गात हजेरी घेताना माझा आवाज सरांपर्यंत पोचत नाही, माझं नाव ते पुन्हा पुकारतात.

मॅडमनी चष्मा काढला. "शनिवारी कमिटी बसतीय. सही असेल तर ताकीद देऊन सोडतील. नसेल तर खोली रिकामी करायची. बघ आता तूच."

ते जीवघेणं शस्त्र म्हणजे माझा कोयता.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात आहे. दसरा झाला की आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला जातात. आईवडीलही जातात. मी बीडला कॉलेजात आल्यापासून दिवाळीच्या सुट्टीत फडावर जाते. फड म्हणजे तोडणीला आलेला उसाचा मळा. गेल्या वर्षी सुट्टी लागल्यावर मी आधी गावाकडं गेले, शेजारच्या काकूंकडं ठेवलेला माझा कोयता घेतला, परत बीडला आले आणि तिथून पुढची गाडी धरली. सगळा दिवस एसटीतच गेला. म्हणून या वर्षी आईनं तो माझ्या पेटीतच टाकला. स्वेटर आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी यांच्या मध्ये, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून.

बाहेरच्या माणसाला वाटेल, तिकडं एखादा कोयता मिळाला नसता का. मिळाला असता. पण आमच्यात ज्याचा त्याचा कोयता असतो. मूठ ज्याच्या त्याच्या हातासारखी तासलेली असते, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते. दुसऱ्याचा कोयता घेतला तर दुपारपर्यंत तळहाताला फोड येतात. दसऱ्याला सगळे कोयते भिंतीशी ओळीनं मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचं एकेक फूल ठेवतात. मी फडकं सोडलं तेव्हा पात्यावर कुंकू तसंच होतं.

वसतिगृहाच्या दारात नियमांची पाटी आहे. हीटर आणू नये, इस्त्री आणू नये, शेगडी आणू नये. ती मी पहिल्याच दिवशी नीट वाचली होती. कोयत्याचं त्यात काही नव्हतं, आणि लिहिलेलं नसताना कोयता आणू नये हे माझ्या मनातही आलं नाही. आमच्या घरात तो कोपऱ्यात झाडूशेजारी उभा असतो.

माझ्या खोलीतली मुलगी पाटोद्याची आहे. तिच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. मी पेटीतून स्वेटर काढत होते तेव्हा तिनं पाहिलं.

"अगं, कोयता कावून आणलास?"

"सुट्टीत तोडीला जायचंय ना."

"दाव बरं." तिनं हातात घेतला, तोलून पाहिला. "लई जड हाय की गं. दिवसभर हेच?"

"दिवसभर."

ती हसली, मीही हसले. संध्याकाळी घरी फोनवर बोलताना तिनं गंमत म्हणून सांगितलं. तिच्या वडिलांना गंमत वाटली नाही. शहरात कुणी कोयता घेऊन रस्त्यावर धावतंय, दुकानं फोडतंय, असे व्हिडिओ त्यांच्या मोबाईलवर येत होते. त्यांनी वॉर्डन मॅडमना फोन लावला. "माझ्या लेकीच्या खाटेशेजारी कोयता हाय, अन् तुमी काय करताय तिथं?" असं म्हणाले म्हणे. सकाळी मॅडम वॉचमनला घेऊन खोलीत आल्या. मी स्वतःच पेटी उघडून दिली. मैत्रीण तेव्हा खिडकीकडं तोंड करून वेणी घालत होती, आणि ती वेणी काही केल्या संपत नव्हती.

खोली गेली तर काय होईल, याचा हिशोब मांडायला मला फार वेळ लागला नाही. गावातल्या घराला कुलूप. आईवडील सांगलीकडं फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. बीडमध्ये आमचं कुणी नाही. मला जायला फडाशिवाय जागा नव्हती, आणि वर्षाच्या मधेच फडावर गेलेली मुलगी परत वर्गात बसलेली आमच्या गावात मी पाहिलेली नाही. मावशीनं एक स्थळही सांगून ठेवलं होतं. मुलगा तोडीलाच जातो. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा. मुकादम घरी येतो तेव्हा माणसं किती असं विचारत नाही, कोयते किती असं विचारतो. माझ्याकडं बघून तो मागच्या वर्षी म्हणाला होता, "ही अर्धी कवर ठिवायची?"

म्हणजे सही करणं शहाणपणाचं होतं. मला ते कळत होतं.

तरी मी ग्रंथालयात गेले आणि जाड शब्दकोश काढला. लीथल: प्राणघातक, मारक. खाली उदाहरणं होती. विषाचा लीथल डोस. लीथल वायू. लीथल वेपन. मग मोबाईलवर पाहिलं आणि हा शब्द आधी कुठं भेटला होता तेही सापडलं. क्रिकेटमध्ये. एखाद्या गोलंदाजाचा यॉर्कर बरोबर यष्टीच्या बुंध्यात पडला की त्याला लीथल म्हणतात. तिथं ते कौतुक असतं. दोन अभिनेत्यांची जोडी जमली तरी लीथल, कुणाची नजर फार तिखट असली तरी लीथल. इतक्या लोकांना हा शब्द हारासारखा घालतात आणि मला तो दंड म्हणून लावत होते, याचं मला नवल वाटलं.

इंग्रजीचे सर स्टाफरूममध्ये डबा खात होते. मी दारात उभी राहिले.

"सर, लीथल आणि फेटल एकच का?"

त्यांना असे प्रश्न आवडतात. घास बाजूला ठेवून ते म्हणाले, "नाही. फेटल म्हणजे ज्यानं जीव गेला. अपघात फेटल होता, असं आपण नंतर म्हणतो. लीथल म्हणजे ज्यानं जीव जाऊ शकतो, किंवा जे त्यासाठीच केलेलं असतं. कुणी मेलं नाही तरी विषाची बाटली लीथलच."

"आणि कोयता?"

सरांना प्रकरण ठाऊक होतं, ते कमिटीत होते. "कोयत्यानं माणूस मरू शकतो की नाही?"

"शकतो."

"मग?"

"मग मेसमधली विळी, सर? वरवंटा?"

ते हसले. "कोशात बघायला गेलं तर तू बरोबर आहेस, बेटा. पण कोश तुला खोली देणार नाही. सही कर आणि अभ्यासाला लाग."

मी परत आले, पण ते फेटल डोक्यातून जाईना. तो शब्द आमच्या घरी आधीच येऊन गेला होता. मी आठवीत असताना माझे चुलते उसानं भरलेल्या ट्रॉलीवर बसून कारखान्याकडं निघाले होते. ट्रॉलीवर ऊस किती उंच चढवतात ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. खड्ड्यात चाक गेलं आणि ते वरून पडले. नंतर विम्याचे कागद आले, त्यात हा शब्द होता. घरात इंग्रजी अक्षरं वाचू शकणारी मी एकटी. चुलतीनं विचारलं, "काय लिवलंय?" मी सांगितलं, अपघातात मृत्यू. त्या ट्रॉलीला कुठल्याच कागदावर कुणी लीथल लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच ट्रॉली ऊस भरून कारखान्याला गेली.

मला कुणाशी भांडायचं नव्हतं. कोयत्यानं जीव जाऊच शकत नाही, असंही मी म्हणणार नव्हते. आमच्याच भागात भांडणात कोयते उगारलेले मी पाहिलेत. पण त्या कागदावर सही केली असती तर मी काय आणलं होतं आणि कशासाठी, हे दोन्ही खोटं झालं असतं. आणि खाली माझं नाव असतं, माझ्या हातानं लिहिलेलं.

शुक्रवारी दुपारी फडावर फोन लागला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"कागदच हाय ना बाई? करून टाक सही अन् मोकळी हो," ते म्हणाले. "आमी किती कागदांवर अंगठे केले. वाचला का एक तरी?"

"म्हणूनच, दादा."

"म्हणूनच काय?"

"मला वाचता आलं म्हणून."

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग आईनं फोन घेतला. "काय लिवायला सांगतेत तुला?"

"कोयता जीव घेणारा हाय म्हणून."

आई हसायला लागली. "घेतोय की. आमचाच घेतोय रोज." मग हसू थांबवून म्हणाली, "तुझं तू बघ. पन जागा जाऊ देऊ नको मातर. ऐकतीस ना?"

दोन्ही कसं बघायचं, हे तिनं सांगितलं नाही.

संध्याकाळी नळावर कपडे धूत होते. पहिल्या वर्षाची एक मुलगी बादली घेऊन शेजारी बसली. ती गेवराई तालुक्यातली, चकलांब्याकडची. आमचं बोलणं आधी फारसं झालं नव्हतं.

"ताई, करा ना सही."

"तुला काय करायचंय?"

तिनं नळ मोठा सोडला. "माझ्या पेटीत बी हाय," ती हळूच म्हणाली. "आमी बी सुट्टीत जातो. तुमी भांडत बसलात तर मॅडम सगळ्यांच्या पेट्या उघडतील."

"आणि मी सही केली तर? तुझाही कोयता शस्त्रच ठरेल ना मग?"

"मला काय कळतंय, ताई. मला भ्याव वाटतंय." ती माझ्या साबणाकडं बघत म्हणाली. "अजून बी हायेत दोघीतिघी. नावं सांगनार न्हाई मी."

रागवावं की धीर द्यावा ते मला समजेना. मी तिला पिळायला चादरीचं एक टोक दिलं. दोघींनी मिळून ती पिळली.

शनिवारी कमिटी बसली ती प्राचार्यांच्या खोलीत. प्राचार्य, वॉर्डन मॅडम आणि इंग्रजीचे सर. टेबलावर माझा कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, वरून प्लास्टिकची सुतळी. तो टाईप केलेला कागद त्याच्या शेजारी.

"सहीला काय अडचण आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

रात्रभर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य पार विसरलं. मराठीतच बोलले.

"सर, मी कोयता आणला ते लिहून देते. न विचारता आणला, चूक झाली, तेही लिहिते. परत खोलीत ठेवणार नाही म्हणून लिहिते. फक्त लीथल वेपन काढा."

"एका शब्दानं काय होतं?"

"काही होत नसेल तर काढा, सर."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मलाच कळलं नाही. इंग्रजीचे सर खाली बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "बघा, हे असं. सर, एवढ्या मुली माझ्या जबाबदारीवर आहेत. उद्या कुणाला काही झालं तर पालक मला धरतील. तेव्हा मी काय सांगू, ऊस तोडायला आणला होता म्हणून?"

"हो, मॅडम. तेच सांगा. तेच खरं आहे."

"उलटं बोलू नको."

"उलटं नाही, मॅडम." माझा आवाज फाटला, पण थांबले नाही. "तुमची भीती मला कळते. ऑफिसात ठेवा, कपाटाला कुलूप लावा. पण सर, कोयत्यानं कुणी कुणाला मारलं तर त्याच्या कागदावर हा शब्द लिहा. माझ्या कोयत्यानं ऊस तुटलाय. मी आज सही केली तर दिवाळीला एसटीत बसणाऱ्या आमच्या भागातल्या प्रत्येकाच्या पिशवीत शस्त्र निघेल. तुम्ही स्टँडवर जाऊन बघा. बाया मांडीवर लेकरू घेऊन बसतात आणि पायाशी पिशवीत कोयता असतो. त्यांना कुणी विचारलं, तर मी माझ्या सहीनं आधीच हो म्हणून ठेवलेलं असेल."

मला वाटलं, गेली खोली. मनात मी पेटी भरायलाही लागले होते.

प्राचार्य इंग्रजीच्या सरांकडं वळले. "तुमचा विषय आहे. शब्द बरोबर की चूक?"

सरांनी घसा साफ केला. "लावायचा म्हटला तर लागतो, सर." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. "पण तिनं ज्यासाठी आणला त्यात तो बसत नाही. इथं त्याची गरज नव्हती."

आधी मला सही कर म्हणणारे सर आज एवढं तरी बोलले. अजून थोडं जोरात बोलायला हवं होतं, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

प्राचार्यांनी कोरा कागद माझ्याकडं सरकवला. "तूच लिही. इंग्रजीतच. इथंच बसून."

मी बसले. कोयत्याला इंग्रजी शब्द काय, इथंच अडले. सिकल लिहावं तर तो विळा झाला. शेवटी मी इंग्रजी अक्षरांत कोयताच लिहिलं आणि त्याच्याआधी ऊस तोडण्याचा. पुढची तीन वाक्यं सोपी होती. आणला, न विचारता आणला, परत खोलीत ठेवणार नाही. सही केली, खाली रेघ ओढली.

प्राचार्यांनी ते वाचलं, एका ठिकाणी पेनानं काहीतरी दुरुस्त केलं आणि मॅडमकडं दिलं. "खोली राहू द्या तिची. वस्तू सुट्टी लागेपर्यंत ऑफिसात."

मी उठायला हवं होतं. उठले नाही. नळावरची मुलगी आठवत होती.

"अजून काय?"

"सर, नियमांच्या पाटीवर कोयता नाही. लिहा. ज्यांच्याकडं असेल त्यांनी ऑफिसात आणून द्यावा आणि जाताना घेऊन जावा. पण पेट्या उघडू नका."

मॅडम ताठ झाल्या. "म्हणजे अजून आहेत? कुणाकडं आहेत?"

मी पेनाला टोपण लावलं.

"नाव सांग."

"नाही सांगणार, मॅडम."

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. "लावा नोटीस," ते म्हणाले. "मराठीत लावा."

सोमवारी नोटीस लागली. मॅडमनी ती हातानं लिहिली होती आणि त्यात कोयता एवढंच लिहिलं होतं, पुढंमागं काही नाही. माझ्याशी मात्र त्या नीट बोलेनात. खोलीतल्या मैत्रिणीनं खोली बदलून घेतली. जाताना म्हणाली, "पप्पांनी सांगितलं म्हणून हां. माझ्या मनात काय न्हाई." मी तिला तिची बादली उचलून दिली. वाईट वाटलंच.

दिवसभर ऑफिसात कुणी गेलं नाही. संध्याकाळच्या चहाच्या वेळी मी मुद्दाम व्हरांड्यात बसले. चकलांब्याची मुलगी आधी आली, ओढणीखाली काहीतरी धरून. माझ्याकडं न बघता आत गेली. मग शिरूरकडच्या दोघी आल्या. मग एक अशी आली जिच्याकडं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. एनसीसीची, इंग्रजी फाडफाड बोलणारी. टेबलावर कोयते जमत गेले. कुणाचा गोणपाटात, कुणाचा वडिलांच्या फाटक्या शर्टात.

क्लार्क पावती पुस्तक उघडून बसला होता. पहिल्याच पावतीला अडला. "मॅडम, वस्तूच्या नावापुढं काय टाकू?"

वॉर्डन मॅडम कपाटाची किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मुलींकडं पाहिलं, मग दारातून माझ्याकडं.

"त्यांनाच विचार," त्या म्हणाल्या आणि कपाट उघडायला वळल्या.

चकलांब्याची मुलगी टेबलाशी उभी होती. मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिनं माझी वाट पाहिली नाही.

"ऊसतोडीचा कोयता," ती म्हणाली, आणि क्लार्कनं पेन टेकवायच्या आत पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, "ऊसतोडीचा लिवा. सगळ्यांच्या पावतीवर."